गाऱ्हाण्यातलं ‘व्हय’

प्रिय निहार,

‘प्रिय’ लिहावं की नुसतंच ‘निहार’, यात माझा बराच वेळ गेला. शेवटी लिहून टाकलं. शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवताना मी सांगते, मायना म्हणजे दाराची कडी, ती वाजवल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचं नाही. तर कडी वाजवली आहे. त्यातून जास्त अर्थ काढू नकोस, तुला ती खोड आहे.

तुझ्या ऑफिसातली सेजल गेल्या महिन्यात शेळपवाडीला येऊन गेली. गुणी मुलगी आहे. चपला पायरीखाली काढल्या, शहाळं दिलं तर उभ्या उभ्या न पिता ओसरीवर बसून प्याली. तिनं सांगितलं की निहारसर आपल्या सुरुवातीच्या दिवसांवर सिनेमा काढतायत, कॅमेरा घेऊन खाणींच्या गावांतून फिरायचे ते दिवस, आणि त्याची सुरुवातच आमच्या गावच्या सुनावणीच्या टेपनं होणार आहे. टेप तुझ्याकडे आहेच. फक्त तिच्यात दिसणाऱ्यांची, मुख्य म्हणजे बाबांची, संमती हवी, वकिलांनी तसं सांगितलंय म्हणे. मी तिला म्हटलं, बाबांना आता नीट ऐकू येत नाही, समजही कधी असते, कधी नसते, त्यांना यात ओढू नकोस. उत्तर मी देईन, आणि निहारला पत्रानं देईन. पत्र म्हणजे मेल ना, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही गं बाई, पत्र म्हणजे पत्र.

त्या उत्तराला महिना लागला. का लागला तेही सांगते, पण आधी जरा बोलू दे. इतकी वर्षं तू एकटाच बोलतोयस आणि मी पेपरात वाचतेय.

मुलाखतींमधून तू तुझी मुळं सांगतोस. ती मुळं हरमलच्या वाळूतली, हे तू प्रामाणिकपणे सांगतोस, बरं वाटतं. तुझी आई खोल्या भाड्यानं द्यायची आणि त्यातल्या एका खोलीत तो दाढीवाला जर्मन राहायचा. त्याचं नाव तिला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, म्हणून ती त्याला ‘आमचो बुवा’ म्हणायची. बाकीचे परदेशी चिलीम ओढून समुद्राकडे बघत बसायचे, हा मात्र सकाळी उठून मासे ओढणाऱ्यांचं शूटिंग करायचा. त्याच्या देशात तो अशा टोळक्यात होता, ज्यांनी नोकऱ्या, लग्नं, इस्त्रीचे कपडे सगळं झुगारून दिलं होतं आणि जे व्हिडिओ कॅमेरे घेऊन रस्त्यावर उतरले होते. टीव्ही सरकारचा आणि शेठ लोकांचा, तर कॅमेरा तरी साध्या माणसाच्या हातात पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते तुझ्या डोक्यात असं बसलं की तू केस वाढवलेस, चपला सोडल्यास आणि म्हापशाच्या कॉलेजात अनवाणी यायला लागलास. मला वाटलं, हा वेडा तरी आहे किंवा याच्या चपला तरी चोरीला गेल्यात. बुवा कायमचा निघून गेला तेव्हा कॅमेरा तुझ्या गळ्यात घालून गेला. तू मला पेडण्याच्या स्टँडवर तो दाखवलास तेव्हा तुझे हात थरथरत होते. तुझ्या एकाही सिनेमात मला ते हात दिसले नाहीत.

‘खण व्हिडिओ मंडळ’ हे नाव मी दिलं होतं, हे तू विसरला असशील. आपल्याकडे खाणीला खण म्हणतात, म्हणून ठेवलं. बाबांनी ऐकलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, चोळीचे खण विकतात की साडीबरोबर देतात? ते हसले की तोंडावर हात ठेवायचे, आठवतं? गावचे मानकरी, देवळात गाऱ्हाणं घालणारे बाबाजी गावकर, पण घरात असे. तुला ते पहिल्या दिवसापासून ‘व्हिडिओ’ म्हणायचे. ‘व्हिडिओ जेवलो काय?’ असं मला विचारायचे.

काम कसं करायचो आपण! दिवसभर धुळीतून हिंडायचं, लाल चिखल उतरलेली शेतं, आटलेले झरे, रांगेनं मुरगावच्या बंदराच्या वाटेला लागलेले ट्रक, सगळं टिपायचं, आणि दिवेलागणीला टीव्ही पिकअपमधून आणून त्याच गावच्या देवळाच्या मंडपात लावायचा. ज्यांना टिपलं त्यांनाच आधी दाखवायचं, हा बुवाचा नेम. शालिनीमावशी स्वतःला बघून पदर तोंडात घ्यायची आणि ‘गे बाये, मी इतकी काळी?’ म्हणून ओरडायची. मंडप हसायचा. आणि मग तिच्याच शेतात पोटरीपर्यंत साचलेली ती लाल राड यायची. रोज त्या राडीतून चालणारी माणसं ती टीव्हीत बघून गप्प व्हायची. तेव्हा मला वाटायचं, आता काहीतरी होणार. तुलाही वाटायचं.

तुझं श्रेय मी नाकारत नाही, निहार. कारापूरच्या वळणावर तुला ट्रकवाल्यांनी उतरवून मारलं, कपाळावर टाके पडले, आणि शुद्धीवर आल्यावर तू पहिल्यांदा विचारलंस की टेप वाचली का. ती माझ्या पिशवीत होती, तांबड्या भाजीच्या जुडीखाली. त्या दिवसांवर कुणी सिनेमा काढायचाच तर तूच काढावास. हे मी सेजललाही सांगितलं.

आता सुनावणी. खाण आमच्या डोंगराच्या कुशीपर्यंत वाढवायची होती आणि त्याआधी गावाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, असा कायदा. एवढी माणसं मावतील अशी जागा देवळाचा मंडपच, म्हणून तिथं ठेवली. मेज कुठं मांडलं होतं ते तुला आठवतं, मला ठाऊक आहे. गाभाऱ्याच्या दाराकडे पाठ करून. मेजावर पाण्याच्या बाटल्या, मेजामागे साहेब आणि कंपनीची माणसं, वर दोन भगभगीत दिवे. आणि त्यांच्या पाठीमागे अंधारात रवळनाथ. इंग्रजीतून भरपूर बोलून झालं. मग माइक गावाकडे आला. कोण पाण्याचं बोलणार, कोण धुळीचं, कोण शेतांचं, हे आपण सगळ्यांकडून घोकवून घेतलं होतं. पण पहिला मान बाबांचा, आणि बाबांनी त्या मंडपात उभं राहून जन्मात एकच गोष्ट केली होती. ते उठले, हात जोडले, आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

घाटावरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटते. तुझ्या सिनेमाला येणाऱ्यांनाही वाटेल. पण तुझ्यासारख्या पेडण्याच्या पोराला मी काय शिकवणार? एकानं देवापुढे मागणं मांडायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याच्या मागे उभं राहायचं. बाबा म्हणाले, “बा देवा रवळनाथा, आज हे सायब तुझ्या दारात इलेहत. गावाचा बरा करूक इलों म्हणतंत. जा बरा सांगतंत ता खरा कर, जा वाकडा असात ता मोडून काढ रे म्हाराजा.” सगळा गाव उभा राहिला, पायांतल्या चपला निघाल्या, आणि दर वाक्याला असा घोष झाला की मंडपातली घंटा हलल्यासारखी वाटली. आणि झालं, निहार. पाण्याचं बोलणारा बोलला नाही, धुळीचं बोलणारा बोलला नाही. देवाच्या कानावर घातल्यावर साहेबाला वेगळं काय सांगायचं? माणसं समाधानानं घरी गेली. तू मात्र कॅमेरा पुसत मला म्हणालास, याहून जबरदस्त शॉट मी आयुष्यात घेतला नाही. खाणीला परवानगी मिळाल्यावर आपण कोर्टात गेलो आणि गावाच्या विरोधाचा पुरावा म्हणून तोच शॉट दिला.

कंपनीच्या वकिलानं स्वतःचं काहीच आणलं नाही. आपलीच टेप लावली. तिचं इंग्रजी करून घेतलं होतं. ‘हे लोक गावाचं भलं करायला आले आहेत’, ‘होय साहेब’. ‘यांचं म्हणणं खरं होवो’, ‘होय साहेब’. वाकडं मोडून काढायचं वाक्य माइकच्या शिट्टीत गेलं होतं. आणि चित्रात? चित्रात दिव्यांखाली साहेब होता, त्याच्यापुढे हात जोडलेला म्हातारा होता, अनवाणी उभा राहून होकार देणारा गाव होता. अंधारातला देव तुझ्या कॅमेऱ्याला दिसलाच नाही. त्याच्यात एवढ्या कमी उजेडात बघायची ताकद नव्हती, हे आपल्याला तेव्हा कुठं माहीत? म्हणून तुला मी कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. आपली बाजू सांगता सांगता आपल्या वकिलाला घाम फुटला. गाऱ्हाणं म्हणजे काय हे समजावताना तो इतका अडखळला की मलाच ते खोटं वाटायला लागलं.

निकाल आपल्याविरुद्ध गेला आणि तू मुंबईला गेलास. गावाला शिकवण्यात अर्थ नाही, असं काहीतरी म्हणालास. जाताना पुन्हा यायची गोष्ट केलीस, ती मी धरून बसले नाही असं मी सगळ्यांना सांगते.

पुढचं तू बघितलं नाहीस, म्हणून थोडक्यात लिहिते. डोंगर गेला. आमच्या डोंगरातली झर आधी लाल झाली, मग बारीक झाली, मग सुकली. विहिरी एकामागून एक रित्या झाल्या आणि आम्ही टँकरच्या आवाजाकडे कान लावून बसायला शिकलो. शालिनीमावशीचं शेत एका पावसाळ्यात डंपखाली, खाणीतून काढून रचलेल्या मातीच्या ढिगाखाली, गेलं, ते कुठं होतं हे आता तिलाही दाखवता येत नाही. गाव कंपनीला शिव्या देऊन थकला तेव्हा त्याला जवळचा माणूस सापडला. ‘बाबाजीन व्हय म्हणून घेतल्यान,’ असं आधी कुजबुजत आणि मग बाजारात मोठ्यानं बोलायला लागले. ज्यांनी घसा ताणून व्हय म्हटलं होतं तेच हे म्हणत होते. बाबांनी गाऱ्हाण्याचा मान आपण होऊन सोडला. आता गाऱ्हाणं त्यांचा चुलतभाऊ गोकुळदास घालतो. तो घालत असताना बाबा देवळाबाहेर उभे राहायचे, आत जात नसत. पुढं पुढं देवळाकडे फिरकणंच बंद केलं.

आणि गौरेश. माझा भाऊ तुझा चेला होता, तुझ्या बॅटऱ्या वाहायचा. आमचंही शेत गेल्यावर तो खाणीवरच टिपर चालवायला लागला. दुसरं होतं काय? डंपच्या कडेला ओल्या मातीत चाक घसरलं आणि टिपर त्याच्यासकट खाली गेला. गावातलं कुणीतरी तेव्हाही बोललं, बाबाजीन गाव दिल्यान, झीलय दिल्यान, पोटचा पोरगाही दिला म्हणे. हे बाबांनी ऐकलं. तेव्हा त्यांना ऐकू येत होतं. गौरेशच्या बाराव्याला तुझा फोन आला होता. नेटवर्क नीट नव्हतं, तू मीटिंगमध्ये होतास.

मधे खाणी बंद होत्या. खड्ड्यात पाणी साचून हिरवं तळं झालं आणि लोक थोडे निवळले. बाबांशी बोलायला लागले, कुणी घरच्या केळीचा घड आणून दिला, कुणी चतुर्थीला बोलावलं. आता पुन्हा ट्रक धुवायला काढलेत, पुन्हा सुनावण्यांची बोलणी आहेत, आणि त्याचबरोबर जुनं सगळं उकरलं जातंय. अशा वेळी तुझा सिनेमा येणार.

मी तुला बघितलं, निहार. पणजीला तुझी जाहीर मुलाखत होती, तिथं मागच्या रांगेत बसले होते. तू छान दिसत होतास, केस कापल्यावर तू असा दिसशील हे मला वाटलं नव्हतं. तू सुनावणीची गोष्ट सांगितलीस. बाबांची नक्कलही केलीस, शेवटचा ‘रे’ ते लांबवतात तसाच लांबवलास. एका गावानं देवाला व्हय म्हटलं आणि खाण पास झाली, असं म्हणून थांबलास, आणि सभागृह हसलं. काय हसलं! माझ्या शेजारची बाई हसता हसता माझ्या दंडावर हात ठेवून मला म्हणाली, किती भोळी असतात ना ही माणसं. मी तुला न भेटता निघून आले. राग इतका आला होता की स्टँडवर चुकीच्या बसमध्ये बसले आणि मडगावच्या वाटेला लागले.

तरीही सेजलला मी तिथल्या तिथं ‘नाही’ म्हटलं नाही. का, ते आता सांगते. त्या टेपमध्ये गौरेश आहे. त्याचे फोटो आहेत घरात, पण हलणारा, बोलणारा गौरेश जगात तेवढ्याच टेपमध्ये उरलाय. खांबाला टेकून उभा होता, चपला हातात धरून, आणि सगळ्यांहून मोठ्यानं ओरडत होता. एवढ्या गर्दीतही मला त्याचं व्हय वेगळं ऐकू येईल. ते पुन्हा एकदा ऐकावं म्हणून मी महिनाभर स्वतःशी भांडले. शेवटी ठरवलं होतं की हो म्हणायचं. एकच अट घालणार होते. आधी मेज कुठं होतं आणि देव कुठं होता ते दाखव, दिवा लावून दाखव, आणि मग बाबांना बोलू दे. मग कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं. तुझ्यासारख्याला हे कठीण नव्हतं.

पण तुझ्या माणसांना आता माझं उत्तर नकोच आहे. परवा मी शाळेत असताना सेजल पुन्हा येऊन गेली आणि दुपारी तिचा निरोप आला, मॅडम, पत्राची घाई नको, आजोबांनी स्वतःच संमती दिली, व्हिडिओवर घेतलीय. सोबत तो व्हिडिओ. खूश होऊन पाठवला होता, तिच्या मनात काही वाकडं नाही. मी स्टाफरूममध्ये बघितला. ती बाबांसमोर बसून मोठ्या आवाजात, थांबून थांबून वाचते आहे. तुमचं जुनं चित्रण वापरायला तुमची हरकत नाही. बाबा हात जोडतात आणि म्हणतात, व्हय म्हाराजा. तुमचं नाव आणि आवाज वापरायला हरकत नाही. व्हय म्हाराजा. यात लागेल तसा बदल करायचा अधिकार तुम्ही देत आहात. व्हय म्हाराजा. गाऱ्हाणं घालणारा स्वतः कधी व्हय म्हणत नाही, निहार. माझ्या बाबांच्या तोंडून तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. तो होकार आहे की नाही, हे कुणाला विचारायचं झालं तर तुलाच विचारायला हवं. कंपनीच्या वकिलाला आपली भाषा येत नव्हती, तुला येते. म्हणून हे पत्र. ती संमती तू वापरणार आहेस का, एवढंच मला कळव, आणि फोन करू नकोस, लिहून कळव. संध्याकाळी घरी आले तर बाबा ओसरीवर बसले होते, कधी नव्हे इतका चेहरा उजळलेला. सेजलबद्दल मला विचारायला लागले, “ता चेडू कोणाचा गो? इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्यासाठी गाऱ्हाणा घातल्यान.” मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, निहारनं पाठवलेली, आपल्या व्हिडिओनं. त्यांनी तुझ्या मुंबईच्या दिशेला हात जोडले आणि म्हणाले, “देव बरें करूं.”

तुझी (जुन्या सवयीनं लिहून गेले, राहू दे),
विमला